रुस्तम आकांची जीभ

माझी नोकरी रुस्तम आकांनी वाचवली. नोकरी, व्हिसा आणि घरी परत गेलो तर तोंड दाखवायची सोय, तिन्ही. हे आधीच लिहून ठेवतो. पुढचं लिहिताना मी घाबरून मध्येच थांबलो, तर निदान एवढं तरी कागदावर राहील. मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. घरी चार ओळींचं पत्र आणि गोदामात मालाची नोंद, याच्यापलीकडे कधी काही लिहिलेलं नाही. पण या माणसाबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि दुसरं कुणी लिहील असं मला वाटत नाही.

रुस्तम आका समरकंदचे. उझबेकिस्तानातले. आका म्हणजे त्यांच्याकडे थोरला भाऊ. दुबईच्या पुढे, रास अल खैमाच्या फ्री झोनमध्ये आमचं गोदाम आहे. तिथे उझबेकिस्तान आणि जॉर्जिया या दोन देशांतून वाइन येते आणि इथल्या हॉटेलांना जाते. आलेला माल चाखायचा, चांगला की वाईट ते ठरवायचं आणि सही करायची, हे आकांचं काम. वय बासष्ट. बुटके, रुंद खांद्यांचे. ऑगस्टमध्येही पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाचं बटण लावलेलं. डोक्यावर काळी चौकोनी भरतकामाची टोपी. ती गोदामाच्या दारात काढायची आणि बाहेर पडताना घालायची. एसीत टोपी का काढता, असं एकदा विचारलं, तर म्हणाले, "वाइन के सामने मैं नौकर हूँ, किशोरजान."

त्यांची हिंदी सगळी सिनेमातून आलेली. लहानपणी तिकडे आपले सिनेमे फार चालायचे म्हणे. त्यामुळे गोदामातलं साधं बोलणंही ते नायकासारखं बोलायचे. फोर्कलिफ्ट बंद पडली की छातीवर हात ठेवून, "इस के बिना मैं अधूरा हूँ." माझ्या नावाला ते जान लावायचे. तिकडे सगळ्यांनाच लावतात, हे नंतर कळलं. पण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला काय वाटलं ते सांगता येत नाही. इथे येऊन सहा महिने होत आले होते आणि तोवर मला लोक 'ए' म्हणूनच हाक मारत होते.

मी निफाडकडचा. पोरवयापासून द्राक्षबागेत थिनिंग म्हणजे घड विरळ करणं, डिपिंग म्हणजे ते औषधात बुडवणं, सगळं केलं. नंतर एका वायनरीत तीन हंगाम बाटल्या धुतल्या. त्या तीन हंगामांच्या जोरावर एजंटाने 'वाइन अनुभव' असं लिहून मला इकडे पाठवलं. पहिली कंपनी शेजारच्या उम्म अल कुवैनमध्ये होती, ती पाच महिन्यांत बंद पडली. दुसरी ही. आमच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी माझा कागद बघून सांगितलं होतं, "एक चूक, खलास." ते खलास माझ्या पोटात कायमचं जाऊन बसलं. अजून आहे.

आकांचा सगळा दिवस एका शब्दावर चालायचा. हॉप. म्हणजे आपलं 'बरं'. आणि आपल्या बरंसारखंच ते शंभर तऱ्हेचं. छोटा हॉप म्हणजे ऐकलं. दोनदा हॉप-हॉप म्हणजे पुरे, आता काम कर. लांबवलेला हॉऽऽप म्हणजे मला हे पटलेलं नाही, पण तुझा मान ठेवतो. आणि एक हॉप असा असायचा की म्हणताना ते खाली जमिनीकडे बघायचे. त्याचा अर्थ नाही. 'नाही' हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. साहेबांना ते जमिनीकडे बघणं कधी कळलंच नाही. ते समजायचे माणूस हो म्हणाला, आणि मग आठवड्याने ओरडायचे.

चाखण्याची त्यांची पद्धत तर बघण्यासारखी. पांढऱ्या कापडावर पाच पेले. प्रत्येकातून एक घोट, डोळे बंद, गाल आतून हलतायत, आणि मग कोपऱ्यातल्या स्टीलच्या भांड्यात पिचकारी. एकही थेंब गिळायचा नाही. चाळीस वर्षं वाइनच्या कारखान्यात काढली, पण गिळली कधीच नाही. आईला शब्द दिला होता. "जीभ कारखाने की," ते म्हणायचे, "पोट अम्मी का." चाखून झालं की आलेल्या मालाचं खरं सगळं सांगायचे. हा टँक धुताना घाई केली. ही द्राक्षं दुपारच्या उन्हात तोडली. एकदा म्हणाले, या वेळी बुचं दुसऱ्या माणसाकडून घेतलीत. कारखान्याला विचारलं, तर खरंच. मी बागेतला माणूस, मला हे जादूसारखं वाटायचं. मी त्यांच्या मागे उभा राहून डोळे बंद करायचो आणि गाल हलवायचो, तोंडात काही नसताना.

आमच्याकडे माल पाठवणारी दोन ठिकाणं होती आणि त्या दोघांशी वागायच्या आकांच्या दोन वेगळ्या तऱ्हा होत्या.

समरकंदचा कारखाना मोठा. तिथे डायरेक्टर बोलेल तेच. लेबल बोटभर वर सरकवायचं असलं तरी डायरेक्टरची सही आणि गोल शिक्का. डायरेक्टर रजेवर असला तर तीन आठवडे थांबा. खालच्या माणसाला फोन करा, तो तुमची, तुमच्या बायकोची, पोरांची तब्येत विचारेल आणि लेबलाबद्दल अवाक्षर काढणार नाही. त्यांना मेल लिहिताना आका पहिले दोन परिच्छेद नुसती विचारपूस करायचे. साहेब ओरडायचे, "रुस्तम, यल्ला, लवकर डेट विचार!" आका म्हणायचे हॉप, आणि तिसरा परिच्छेद डायरेक्टरच्या नातवाच्या सुंतेवर लिहायचे. पण एकदा शिक्का उमटला की माल अगदी कागदावर लिहिल्यासारखा यायचा. एक बाटली कमी नाही, एक जास्त नाही. वाइन काचेसारखी नितळ.

दुसरं ठिकाण म्हणजे जॉर्जियातलं लेवानचं घर. घरच म्हणायचं, कंपनी कसली. लेवान, त्याचा भाऊ, वहिनी आणि ऐंशी वर्षांचा बाप. हे लोक गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेल्या मोठाल्या मातीच्या रांजणांत वाइन करतात, सालीसकट. लेवानला मेल केला तर उत्तरच नाही. फोन केला तर चौघेही एकदम स्पीकरवर, आणि आपसातच भांडण. मग लेवान गरजायचा, "रुस्तम, माझ्या भावा, तुला पाहिजे तेवढं घे!" ते किती, ते कधी कळायचं नाही. आका आधी बापाच्या रांजणांची चौकशी करायचे, मग थोडा ओरडा खायचे, आणि मग अलगद तारीख काढून घ्यायचे.

एकदा लेवानने चाळीस पेट्यांच्या ऑर्डरवर त्रेचाळीस पाठवल्या. तीन भेट म्हणून. कागदावर चाळीस. कस्टमने सगळा कंटेनर अडकवला.

आमचं कस्टमचं काम इरफानभाई बघायचे. रत्नागिरीचे. इथे आयुष्य गेलं, पण बोलणं अजून गावचं. ते आले आणि डोक्याला हात लावून बसले.

"आका, ह्या तीन पेट्या काय म्हणून दाखवू?"

"भेट," आका म्हणाले.

"अवो, कस्टमला भेट समजत नाय. तिथे दोनच गोष्टी. कागदावर हाय, नायतर चोरी हाय."

"लेवान चोर नाही."

"ते मी कुठं म्हणतोय! पण तुमच्या ह्या दोस्ताला सांगा, पुढच्या वेळी प्रेम कमी कर, कागद जास्ती कर."

आका चार दिवस रोज कस्टमच्या ऑफिसात जाऊन बसले. शेवटी लेवानकडून नवा कागद आणवला. त्यात त्रेचाळीस लिहिलं आणि तीन पेट्यांपुढे 'सॅम्पल'. लेवान हे लिहायला तयारच नव्हता. भेटीला सॅम्पल म्हणणं म्हणजे त्याच्या बापाचा अपमान. आकांनी त्याला काय सांगून मनवलं माहीत नाही. फोनवर पाऊण तास बोलत होते आणि मधे दोनदा हसले.

इरफानभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, "किशोर, तुझा उस्ताद एक देशाला बोलायला शिकवतो आणि दुसऱ्याला गप बसायला. पगार मात्र एकच."

आता माझी पहिली चूक सांगतो. मोठी नाही. मोठी पुढे आहे.

समरकंदचे डायरेक्टर दोन माणसं घेऊन आले होते. आका मला म्हणाले, चहा दे. हिरवा चहा, बिन कानाच्या वाट्यांतून. आमच्याकडे पाहुण्याला अर्धा कप चहा दिला तर तो वर्षभर गावात सांगत फिरतो. मी काठोकाठ ओतला. डायरेक्टरांनी वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, एक घोट घेतला, छातीवर हात ठेवला आणि उठले. बरोबरची दोघंही उठली. मला वाटलं, घाई असेल. आकांचा चेहरा मात्र पांढरा झाला. ते पुढे झाले, डायरेक्टरांच्या हातातली वाटी काढून घेतली, हसत काहीतरी बोलले आणि तो गरम चहा उभ्याउभ्या एका दमात पिऊन टाकला. मग स्वतः ओतला, वाटीचा तिसरा हिस्सा. डायरेक्टर परत बसले.

ते गेल्यावर आका जीभ बाहेर काढून वारा घालत होते. म्हणाले, "थोडा चाय मतलब बैठो, फिर माँगो, मैं फिर दूँगा. पूरा चाय मतलब दरवाज़ा उधर है."

"मग तुम्ही त्यांना काय सांगितलंत?"

"की हा पोरगा मला हाकलतोय, तुम्हाला नाही."

मी माफी मागायला लागलो तर हॉप-हॉप. त्या दिवसापासून ते मला चहा देताना तिसरा हिस्साच द्यायचे. मी बसायचो, परत मागायचो.

आता ती मोठी चूक.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये एका मंगळवारी आका दुबईला दाढ काढायला गेले. त्याच सकाळी लेवानचा कंटेनर आला. माल उतरवून घ्यायला मी एकटा, साहेबही गुरुवारपर्यंत बाहेरगावी. आकांची एक वही होती. त्यात माझ्यासाठी मोठ्या इंग्रजी अक्षरांत त्यांनी नियम लिहून दिले होते. चौथा नियम होता, बाटलीत धुकं दिसलं तर पेटीला लाल स्टिकर आणि पेटी जाळीत. जाळी म्हणजे गोदामातला तो पिंजरा, ज्यातला माल नष्ट करायला जातो. गुरुवारी दुपारी तीनला त्याची गाडी यायची.

मी पहिली पेटी उघडली. बाटली उजेडात धरली. केशरी रंग, आत धुकं, आणि तळाला चिखलासारखा गाळ. दुसरी पेटी, तेच. माझ्या वायनरीत अशी बाटली निघाली तर सुपरवायझर आईबापावरून बोलायचा. मी सगळ्या पेट्या उघडल्या. चाळीसच्या चाळीस. सगळ्यांवर लाल स्टिकर लावले आणि सगळ्या जाळीत नेल्या. एक बाटली दीडशे दिरहॅमची, म्हणजे आपले साडेतीन हजार. मनात एकूण नुकसान मोजत होतो. पण खरं सांगायचं तर आतून बरंही वाटत होतं. आठवी सोडलेल्याने कंपनीला वाचवलं असं.

आकांना फोन करायला हवा होता. केला नाही. दाढ काढलेल्या वडीलधाऱ्या माणसाला कशाला त्रास, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं होतं. मला दाखवायचं होतं की मलाही कळतं.

गुरुवारी सकाळी आका आले, गाल सुजलेला. जाळीपाशी गेले आणि थांबले. एक बाटली उचलली, उजेडात धरली आणि इतक्या हळू खाली ठेवली की मला कळलं, काहीतरी भयंकर झालंय.

"ये बीमार नहीं है," ते म्हणाले. "ये ऐसी ही है."

लेवानच्या रांजणातली ही नवी वाइन होती, पहिल्यांदाच न गाळता पाठवलेली. धुकं हाच तिचा गुण. हॉटेलवाल्यांनी ती मुद्दाम मागवली होती. नितळपणाचा नियम समरकंदच्या मालासाठी लिहिलेला होता. मी म्हणालो, आत्ता स्टिकर काढतो. आम्ही दोघं कामाला लागलो. नऊ पेट्या झाल्या असतील, तेवढ्यात शटरमधून हाक आली, "रुस्तम!"

लेवान. तो शनिवारी येणार होता. दोन दिवस आधी आला, न कळवता. आमच्यात भावाच्या घरी जायला कळवतात का, म्हणाला. हातात पाव, चीज, वांग्याचे डबे. मागे आमचे साहेब, हसत. आणि समोर पिंजरा, त्यात त्याच्या बापाच्या एकतीस पेट्या, लाल स्टिकर लावलेल्या.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. नेहमी ओरडणारा माणूस. जाळीला हात लावून उभा राहिला. मग साहेबांकडे वळून इंग्रजीत म्हणाला, "माझ्या वडिलांची वाइन मेली आहे, असं कोणी ठरवलं?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात अर्धा सोललेला स्टिकर होता.

आका म्हणाले, "जेवणाच्या टेबलावर सांगतो. पाहुण्याने उभं राहून विचारू नये."

चाखायच्या खोलीत टेबल मांडेपर्यंत पंधरा मिनिटं गेली. तेवढ्यात इरफानभाई कागद घेऊन आले होते, त्यांना मी सगळं सांगितलं. ते धावत आकांकडे गेले. मी मागे.

"आका, काय करताव?"

"किशोरने केलं असं सांगितलं, तर लेवान किशोरला माफ करील," आका म्हणाले. "तो दिलाचा मोठा आहे. पण साहेबांना विचारील, काम न शिकलेला माणूस माझ्या वाइनवर शिक्का मारायला कोणी बसवला? मग साहेब काय करतील?"

ते कुणालाच सांगायची गरज नव्हती. खलास.

"आमच्या कारखान्यात," आका म्हणाले, "खालच्या माणसाने बाटली फोडली तर उस्तादाचं नाव लिहितात. नियम मी लिहिला होता. नाव माझं."

"मग एवढं तरी सांगा," इरफानभाई म्हणाले, "की दाढ काढली होती, तोंड बधिर होतं, चव कळली नाय. खपून जाईल."

आका सुजलेल्या गालाने हसले. "एक झूठ बहुत है, भाई. दो मत बनाओ."

मी काय म्हणालो? काही नाही. मी म्हणू शकलो असतो की मी केलं, मीच सांगतो. ओठापर्यंत आलं होतं. मला आईचा चेहरा दिसला, मी विमानतळावरून परत आणलेल्या बॅगेकडे बघणारा, आणि मी ट्रे उचलला.

टेबलाशी लेवान उभा राहिला. त्यांच्याकडे जेवताना एक माणूस उभा राहून एकेकाच्या नावाने बोलतो, आणि तो बोलून झाला की सगळ्यांनी पेला संपवायचा. कामाचं सगळं बोलणं तिथेच होतं. करार, भांडण, माफी, सगळं. ऑफिसात बसून लेवानकडून कुणी कधी काही मिळवलं नव्हतं. मी दाराशी ट्रे धरून उभा होतो.

"सांग, रुस्तम," लेवान म्हणाला. "कोणाच्या डोळ्याने बघितलं?"

"माझ्या."

"चाखली?"

"चाखली."

"आणि तुला ती नासलेली वाटली?"

"वाटली."

लेवान टेबलावरून पुढे वाकला. "चाळीस वर्षं," तो म्हणाला, "तू चाळीस वर्षं या धंद्यात आहेस."

"हॉप," आका म्हणाले. लेवानच्या डोळ्यांत बघून म्हणाले, जमिनीकडे नाही.

साहेबांनी पेन काढून काहीतरी लिहिलं. तेव्हा मला समजलं की आकांनी काय दिलं. मी समजत होतो, ओरडा खातील, लाज वाटेल, होऊन जाईल. पण ज्या माणसाला घोटातून बुचाचा व्यापारी ओळखता येत होता, त्याने चारचौघांत सांगितलं की मला चांगली वाइन आणि नासलेली वाइन यातला फरक कळला नाही. चाखणाऱ्याकडे दुसरं असतं काय?

मग लेवानने लाल स्टिकरवाल्या पेटीतली एक बाटली उघडली आणि सगळ्यांचे पेले भरले. "माझ्या वडिलांसाठी," म्हणाला. "ज्यांची वाइन जिवंत आहे." आणि आकांकडे बघत राहिला.

कोपऱ्यात स्टीलचं भांडं होतं. त्या टेबलावर ते वापरता येत नव्हतं, हे माझ्यासारख्यालाही कळत होतं. आकांनी पेला उचलला. त्यांच्या गळ्याचा मणी वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. पेला रिकामा झाला. त्यांनी तो उलटा करून दाखवला. लेवानने टेबलाला वळसा घालून त्यांना मिठी मारली आणि मग मात्र नेहमीसारखा ओरडला, "म्हातारा झालास रे, रुस्तम!" सगळे हसले. आकाही हसले. मी ट्रे घेऊन आतल्या खोलीत गेलो आणि भिंतीला टेकून उभा राहिलो.

लेवानने माफ केलं, पण तो गप्पिष्ट माणूस. दुबईत, शारजात, जिथे टेबल तिथे त्याने ही गोष्ट सांगितली. प्रेमाने सांगितली, हसत. समरकंदच्या माझ्या भावाला माझी वाइन ओळखता आली नाही! पंधरा दिवसांत हॉटेलवाले साहेबांना विचारायला लागले की तुमच्याकडे चाखतं कोण. आणि समरकंदच्या डायरेक्टरने तर काहीच विचारलं नाही. फक्त त्यांच्या पत्रांतून विचारपुशीचे पहिले दोन परिच्छेद गायब झाले. ती पत्रं आका दोनदा वाचायचे, घडी करायचे, खिशात ठेवायचे.

ऑक्टोबरात त्यांचा करार संपला. साहेबांनी पुढे वाढवला नाही. वयाचं कारण दिलं.

शेवटच्या दिवशी मी म्हणालो, "आका, मी साहेबांना जाऊन सांगतो." ते चहा ओतत होते, तिसरा हिस्सा. म्हणाले, "बैठो." मी बसलो. ते मला लेवानची ती केशरी, अंबर रंगाची वाइन कशी बघायची ते शिकवत राहिले. धुकं हलतंय की बसलंय. गाळ मऊ आहे की खडबडीत. वास सफरचंदाच्या सालीचा की ओल्या पुठ्ठ्याचा. "अगली बार फोन करना," एवढंच म्हणाले. "दाँत तो और भी हैं."

शारजाच्या विमानतळावर मी आणि इरफानभाई त्यांना सोडायला गेलो. ताश्कंदच्या विमानाची रांग मोठी होती. बायका, म्हातारी माणसं, गोणपाटात बांधलेलं सामान. आका मधोमध उभे होते, टोपी घालून. मागे एक म्हातारी आली तर त्यांनी तिला पुढे घेतलं. मग काठीवाला एक गृहस्थ, त्यालाही. मग त्या गृहस्थाचा भाऊ, तोही वयस्कर. प्रत्येकाला वाकून, छातीवर हात ठेवून, तुम्ही आधी. इरफानभाईंची गाडी चुकीच्या जागी लावलेली होती. ते म्हणत होते, चल रे, दंड बसेल. मी मागे बघत बघत निघालो. रांग पुढे चालली होती, आणि माझे आका रांगेत मागे मागे जात होते.

आता आलेला माल बघून सही करायचं काम माझ्याकडे आहे. चाखायला बाहेरून माणूस येतो. पण कंटेनर मी उघडतो, बाटली उजेडात मी धरतो, आणि दर वेळी दोनदा बघतो. शंका आली की समरकंदला फोन लावतो. आका उचलतात. मी सांगतो काय दिसतंय, ते विचारतात गाळ कसा, वास कसा, आणि दोन हजार किलोमीटरवरून बरोबर सांगतात. घरी असतात. जवळच्या एका लहान वायनरीने त्यांना बोलावलं होतं, मग नको म्हणून कळवलं. हे त्यांनी नाही, त्यांच्या सुनेने सांगितलं.

लेवान सोमवारी येतोय. साहेबांनी टेबल मांडायला सांगितलंय. इरफानभाई म्हणतात, "आता कशाला उकरतोस? सांगितलंस तर आका टेबलावर खोटं बोलले असं होईल, आणि तू पण घरी जाशील." असेलही. पण हे बोलणं मला इतकं सोयीचं आहे की त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही. लेवानला मी एवढ्या वर्षांत थोडा ओळखतो. त्याला खोटं बोललेला भाऊ चालेल, जीभ गेलेला भाऊ त्याला खरं तर पटलेलाच नव्हता.

तीन रात्री वाक्य जुळवतोय. इंग्रजी मोडकं आहे माझं, पण वाक्य लहान आहे. स्टिकर मी लावले, रुस्तम आकांनी ती बाटली चाखलीच नव्हती.

आका, हे तुम्हाला कुणी वाचून दाखवणार नाही, तरी लिहितो. मी भित्रा आहे, तुम्हाला माहीत आहे. सोमवारी ट्रे धरून उभा राहिलो आणि तोंडातून आवाजच निघाला नाही, तर लेवानच्या पुढच्या फेरीला. तेव्हाही नाही जमलं, तर त्याच्या पुढच्या. पण ज्या टेबलावर तुम्ही तुमची जीभ माझ्यासाठी ठेवून गेलात, त्याच टेबलावरून मी ती एक दिवस तुम्हाला परत मिळवून देईन.